कुलूप ओढून पाहणे

चिमीची आई सापांना भीत नव्हती. लग्न ठरताना सासूबाईंनी विचारलं होतं, "मुलगी काय करते?" आणि उत्तर ऐकून त्यांच्या हातातला कप बशीतल्या बशीत नाचला होता. पण इतकी वर्षं प्राणिसंग्रहालयाच्या सर्पघरात राबून तिला एक पक्कं कळलं होतं. पेटीतला साप गरीब असतो. भ्यायचं ते आपल्याच धांदलीला.

सर्पघर म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही भिंतींना काचेच्या पेट्या, प्रत्येक पेटीला सरकती काच आणि काचेला कुलूप. टोकाला मधलं दार आणि त्या दारापलीकडे कर्मचाऱ्यांची खोली. तिथे टेबल, चहाची किटली, हीटर आणि पाठ टेकायला एक चटई. बस्स.

पूर्वी रोजची कामं फळ्यावर खडूने लिहिलेली असायची. मग सर्पघराच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांच्या फोनमध्ये कामांची यादी घातली. एकदा काम लिहायचं, 'रोज' की 'दर सोमवारी' ते ठरवायचं, पुढची आठवण फोनच करून देणार. पाणी बदलणे. तापमान पाहणे. कुलपं ओढून पाहणे. काम झालं की चौकोनात बोटाने खूण करायची, ओळ हिरवी व्हायची. दुसऱ्या दिवशी तीच ओळ कोरी होऊन पुन्हा दत्त म्हणून उभी. खूण राहिली तर ओळ लाल व्हायची आणि ती थेट डॉक्टरीणबाईंना दिसायची.

सुरुवातीला सोय झाली, नाही असं नाही. पण कामांना पिल्लं होत गेली. कुणाला काही सुचलं की टाक यादीत. फोन दिवसभर गुरगुरायचा आणि चिमीच्या आईचा अंगठा तिला न विचारता खुणा करायला शिकला. एक ओळ तर तिने नुसतीच पुढे ढकलत आणली होती. 'मधल्या दाराखालची रबरी पट्टी नवीन बसवणे.' जुनी पट्टी कोपऱ्यात फाटली होती. रोज सकाळी ती ओळ यायची आणि रोज ती 'उद्या' दाबायची. उद्या काय, कधीच संपत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी ती नागाची पेटी साफ करून काच सरकवत होती, तेवढ्यात शाळेतून फोन आला. "चिमीला ताप भरलाय. लगेच येता का?" तिने काच लावली, कुलूप अडकवलं आणि पर्स उचलून धावत सुटली. बसमध्ये उभ्या उभ्या फोन गुरगुरला. कुलपं ओढून पाहणे. कुलपं तर रोजच लागलेली असतात, आता काय परत जायचं? दांडीला लोंबकळत तिने एका अंगठ्यात सगळी रांग हिरवी केली आणि चिमीच्या कपाळाचा विचार करू लागली.

सकाळी ताप उतरला होता, पण पोर मलूल होती. नवरा ट्रक घेऊन परगावी. शेजारच्या काकू लेकीकडे गेलेल्या. सर्पघरातला जोडीदार नेमका रजेवर. करते काय? चिमीला शालीत गुंडाळून ती कामावर घेऊन आली. मुलांना आत आणायची परवानगी नव्हती. पण डॉक्टरीणबाई यायला अवकाश होता, तोवर कुणाला कळतंय!

तिने चिमीला चटईवर निजवलं, अंगावर घोंगडी घातली, हीटर लावला. "इथून हलायचं नाही हं."

"मग फोन दे. कार्टून बघते."

"घे बाई. पण आवाज बारीक."

मधलं दार ओढून घेऊन तिने फेरी सुरू केली. अजगर, सुस्त. घोणस, नेहमीच्या कोपऱ्यात. ती नागाच्या पेटीपाशी आली आणि थांबली.

काच बोटभर सरकलेली होती. कुलूप कडीत नुसतं लोंबत होतं, त्याचा आकडा दाबलेलाच नव्हता. लाकडाचा ओंडका होता, पाण्याचं भांडं होतं. नाग नव्हता.

तिने ओंडक्याखाली पाहिलं. मग पुन्हा पाहिलं, जणू पहिल्यांदा डोळ्यांनी थट्टा केली असावी. बाहेरचं दार रात्रभर बंद होतं आणि त्याची पट्टी शाबूत होती, म्हणजे नाग इमारतीतच होता. पण ही खोली गार. साप ऊब शोधत जातो. आणि ऊब कुठे आहे?

तिची नजर मधल्या दाराकडे गेली. फाटक्या पट्टीतून हीटरचा केशरी उजेड फरशीवर पडला होता.

किंकाळी ओठांपर्यंत आली होती, ती तिने गिळली. चिमी दचकून उठली असती. सापाला माणसाचं बोलणं फारसं कळत नाही, जमिनीतली थरथर कळते. तिने बूट काढले. भिंतीवरची आकड्याची काठी घेतली, झाकणाची बादली घेतली आणि दार हळूच ढकललं.

चिमी पालथी पडून हसत कार्टून बघत होती. फोन तिने फरशीवर, किटलीच्या टेबलाला टेकवून ठेवला होता. घोंगडी पायांवरून घसरली होती. आणि घोंगडीच्या त्या घडीत, हीटर आणि चिमीच्या उघड्या टाचांच्या मधे, नाग वेटोळं घालून पडला होता. टाचेपासून वीतभर. त्याचं अंग श्वासाबरोबर हलत होतं.

"चिमे," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कुणा बाईचा वाटला. "स्टॅच्यू खेळू या?"

"आत्ता? मला बरं नाहीये."

"म्हणून तर. निजून खेळायचं. मी 'ओव्हर' म्हणेपर्यंत पाय हलवायचा नाही, मान वळवायची नाही. जिंकलीस तर मागशील ते."

"काहीही?"

"काहीही. स्टॅच्यू!"

चिमी थिजली. नागानं डोकं थोडं उचललं आणि पुन्हा वेटोळ्यावर ठेवलं. आईने एक पाऊल टाकलं. तळव्याखालची फरशी बर्फासारखी होती आणि पाठीवरून मात्र घामाचा ओघळ चालला होता. काठी पोचायला अजून दोन पावलं हवीत. घाई केली तर तो उसळेल आणि सगळ्यात जवळ काय आहे, तर पोरीचा पाय.

"आई, नाकात हुळहुळतंय," चिमी ओठ न हलवता पुटपुटली.

"तोंडाने श्वास घे, राणी. मोठ्ठा. हळू."

आणखी एक पाऊल. तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं. फोन! सकाळची कामं आता यायची वेळ. फोन फरशीवर होता. एकदा का तो गुरगुरला की फरशी थरथरणार. तो उचलायला चिमीच्या डोक्याशी जावं लागणार, आणि काठी तर पायांशी हवी. जाऊ कुठे? ती जागच्या जागी उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने एका यंत्राची मनातल्या मनात विनवणी केली. नको रे. इतक्यात नको.

फोन गुरगुरला.

नाग सरळ उभा राहिला. फणा फुलला आणि फुत्काराने घोंगडीची दशी हलली. चिमीच्या पायांना त्याचा वारा लागला असावा, कारण तिचे खांदे आखडले, पण ती हलली नाही. फोन गुरगुरतच होता आणि थरथरत कणाकणाने सरकत होता. नागाचा फणा तिकडे वळला, टाचांवरून पलीकडे. एवढीच संधी. आईने उरलेलं अंतर कसं कापलं ते तिला नंतर सांगता आलं नाही. आकडा वेटोळ्याखाली गेला, नाग हवेत उचलला गेला, काठीवर लोंबकळत त्याने एकदा रिकाम्या हवेत तोंड मारलं आणि तो बादलीत पडला. झाकण. झाकणावर गुडघा. कडी एकदा लावली, पुन्हा ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली.

मग ती तिथेच फरशीवर बसली.

"आई," चटईवरून रडवेला आवाज आला, "ओव्हर म्हण ना गं!"

"ओव्हर," ती म्हणाली. चिमी सणसणीत शिंकली, वळली आणि आतून धडका बसणाऱ्या बादलीकडे बघत राहिली.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा चिमीची आई लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलीला लपवायचं तिच्या मनातही आलं नाही. तिने बसपासून सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्या कडाडल्या, "पोरगी गेली असती! कळतंय तुला? काल यादी हिरवीगार होती. मी स्वतः पाहिली आणि निवांत घरी गेले."

"कळतंय, डॉक्टर. म्हणूनच सांगतेय."

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. "आण तो फोन. दोघी मिळून बघू."

त्यांनी यादी वरून खाली वाचली. निम्मी कामं कशासाठी होती ते आता कुणालाच आठवेना, ती पुसली. कुलपांची ओळ मात्र यादीतून काढली आणि पुन्हा फळ्यावर लिहिली. प्रत्येक कुलूप ओढायचं, मोठ्याने नाव घ्यायचं, सोबत्याने ऐकायचं, मगच खडू उचलायचा. एकटं असताना सर्पघर उघडायचंच नाही. पट्टी त्याच दुपारी बसवून घेतली. चिमीच्या आईला लेखी ताकीद मिळाली आणि काही महिन्यांसाठी तिची बदली कासवांकडे झाली. ती तक्रार करणार कुठल्या तोंडाने? पण तिथेही, कुंपणाचं फाटक तीन तीनदा हलवून पाहिल्याशिवाय तिचा पाय निघत नसे. फोन गुरगुरला की हातातलं काम टाकून ती आधी फाटकाकडे धावायची. हे पुष्कळ दिवस चाललं.

नवरा परत आल्यावर तिने त्यालाही सांगितलं. तो चिमीच्या टाचा हातात घेऊन किती तरी वेळ बसून राहिला. चिमीला गुदगुल्या झाल्या.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या फाटकात चिमीच्या बाईंनी तिला गाठलं. "तुमची मुलगी किती कल्पक आहे हो! साऱ्या वर्गाला सांगत होती, नाग माझ्या पायाशी झोपला होता आणि मी हललेसुद्धा नाही म्हणून. मी म्हटलं, चिमे, थापा मारू नयेत."

चिमी खाली मान घालून बुटाच्या टोकाने माती उकरत होती. हो म्हणून हसून निघून जाणं किती सोपं होतं.

"थाप नाही ती, बाई," चिमीची आई म्हणाली. "खरं आहे. चूक माझी होती. वर्गात तेवढं सांगाल का?"