इस्त्रीची जाडी पिन

करडीत माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवायची मला जुनी खोड. शेजारच्या शकुनकाकू पोरीला घेऊन इस्त्री घ्यायला आल्या, तेव्हाही मी सोडलं नाही. रिता भंडाऱ्याला नर्सिंगला लागली होती, घरूनच ये-जा करायची, गणवेश रोज कडक लागायचा. काकूंनी हलकी, स्वस्त इस्त्री उचलली. मी ती काढून घेतली आणि आयएसआय छापाची दिली.

"ओल्या हातानं धरू नको," मी रिताला बजावलं. "गरम इस्त्रीले वायर गुंडाळू नको. अन् पायात चप्पल पाहिजेच."

निघता निघता काकू म्हणाल्या, "आमच्या बोर्डाले दोनच छेद हायेत, बाबू. हे जाडी पिन कायले?"

"वायर खराब झाली त वीज या पिनेतून जमिनीत जाते. बोर्ड बदलवा."

"बदलवू ना दिवाळीले. आता तोडून दे, पोरीले उद्या जायचं हाये."

दुकानात गर्दी होती, मला कटकट नको होती. पक्कड घेतली आणि पिन मुळापासून तोडली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

श्रावणातल्या एका सोमवारी काकूंनी पहाटेच घर सारवलं. ओल्या सारवणावर चप्पल घालायची आमच्याकडे रीत नाही. रिता अनवाणीच गणवेशावर इस्त्री फिरवत होती. इस्त्रीच्या तोंडाशी वायर खरडली होती, वीज पत्र्यात उतरली. जाडी पिन असती तर ती जमिनीत गेली असती. ती रितातून गेली.

तेरवीनंतर काकू दुकानात आल्या.

"तू त चांगली निवडून देली होती, बाबू. मीच अभागी. सारवलं नसतं त पोरगी जगली असती. खरं सांग, सारवणानंच गेली ना?"

पक्कड समोरच खिळ्याला लटकत होती. मला भीती वाटली, गावाची, पोलिसांची, आणि सगळ्यात जास्त काकूंच्या तोंडाकडे बघायची.

"हव काकू," मी म्हणालो. "ओल होती."

त्या मान हलवून गेल्या.

दिवाळीत त्यांच्या घरावरून गेलो. गल्लीभर ताजं सारवण, रांगोळ्या. काकूंची जमीन तेवढी भेगाळलेली होती. त्या सोमवारपासून त्यांनी शेणाला हात लावला नव्हता. सांगून टाकायचं म्हणून मी दारात थांबलो.

"काय, बाबू?" काकूंनी आतून विचारलं.

"काही नाही जी," म्हणालो, आणि सवयीनं चप्पल बाहेर काढली.