होसियतचं पोट

"जाईल ना, डॉक्टर?" होसियतने तिसऱ्यांदा विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी बोटाने व्रण दाबून पाहिला. कमरेच्या डाव्या हाडापासून उजव्या हाडापर्यंत गेलेला, करंगळीएवढा जाड, कच्च्या कलेजीच्या रंगाचा. मधोमध तो चांगला दोन बोटं रुंद झाला होता. मी खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होते, कारण जावेचं उघडं पोट बघायची मला सवय नव्हती.

"फिका होईल. चपटाही होईल. पण जाणार नाही," त्या म्हणाल्या.

"नवरोझपर्यंत फिका होईल?"

"कुठल्या वर्षीच्या?"

होसियतला तो विनोद वाटला आणि ती हसलीसुद्धा. मला काही हसू आलं नाही. नवरोझ, आमचा नव्या वर्षाचा सण, दोन महिन्यांवर आला होता आणि नवरोझला तिचा नवरा तुरगुन रशियातून घरी येणार होता.

"वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, असं मी बजावलं होतं. तुम्ही काय केलंत?"

"काही नाही."

"तंदूर," मी म्हणाले. "नान विकते ती. ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यापासून रोज तंदुरात वाकते."

डॉक्टरीणबाईंनी चिकटवायच्या पट्ट्या लिहून दिल्या, व्रणात द्यायची इंजेक्शनं लिहून दिली, आणि वर्षभराने या म्हणाल्या. परतीच्या गाडीत आमचं कोकंद येईपर्यंत होसियत त्या एका शब्दाला धरून बसली होती. "चपटा होईल म्हणाल्या ना, आपा? चपटा म्हणजे दिव्याच्या उजेडात दिसणार नाही, हो ना?"

"तुरगुनच्या डोळ्यांना झालंय काय?" मी म्हणाले.

तुरगुन माझा धाकटा दीर. त्याच्याआधीची दोन मुलं गेली म्हणून सासूबाईंनी त्याचं नाव तुरगुन ठेवलं, म्हणजे टिकून राहणारा. तो टिकला, पण घरात काही राहिला नाही. बारा वर्षं रशियात विटा रचतोय. दोन वर्षांत तर एकदाही आला नव्हता. आणि होसियतचं पोट असं, की जुळी झाली तेव्हापासून जे सुटलं ते परत आवळलंच नाही. हातपाय काटक्यांसारखे आणि पुढे पोट, सातव्या महिन्यातल्या बाईसारखं. तिने खाणं तोडलं तर गाल बसले, पोट होतं तिथेच राहिलं. बसमध्ये पोरं उठून उभी राहायची, "बसा आपा, तुम्हाला जड जात असेल." ती बिचारी बसायची, कारण नाही म्हटलं तर आणखी चार माना वळायच्या. बाजारात बायका गोड आवाजात विचारायच्या, "होसियत, तुरगुन कधी येऊन गेला गं? आम्हाला कळलंच नाही." नवरा परदेशात आणि बायकोचं पोट पुढे. आमच्या गल्लीला आणखी काय हवं होतं?

गल्लीचं तोंड बंद करायचं म्हणून तिने सुटलेलं पोट कापून आवळून घ्यायचं ठरवलं. तिला सुंदर व्हायचं होतं असं कुणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडेन. तिला फक्त बसमध्ये उभं राहून जायचं होतं. आईने दिलेल्या बांगड्या मोडल्या, आणि घरी सांगितलं की पित्ताचे खडे झालेत. दवाखान्यात मी बरोबर गेले. नंतर ती माहेरी जाऊन पडली.

खोटं बोलायचं तर जपून बोलावं. पित्ताचे खडे काढलेली बाई पंधरा दिवसांत कणीक मळायला लागते हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक, कारण निम्म्या बायकांचे काढून झालेत. ती माहेरून परतली त्या पहिल्याच दिवशी सासूबाईंनी विचारलं, "खडे कुठं आहेत? दाखव की."

"तिथेच टाकले, आई."

"टाकले? पलीकडच्या शरीफाने बरणीत घालून कपाटात ठेवलेत. एवढं पोट फाडलं आणि खडेसुद्धा दिले नाहीत? लुटारू मेले!"

पंधरा दिवस झाले, तीन आठवडे झाले, आणि कुणी काही बोलायच्या आत होसियत तंदुरापाशी उभी राहिली. तंदुरात नान लावायची म्हणजे उजव्या हातावर गादी चढवायची, तिच्यावर नान ठेवायची आणि कमरेपर्यंत आत वाकून ती भिंतीवर थापायची. तेव्हा एक पाय जमिनीवर असतो, दुसरा हवेत, आणि सगळा भार काठावर टेकलेल्या पोटावर. मी म्हटलं, "अगं, आठ दिवस मी लावते." तर म्हणाली, "मग विचारतील, का." रोज शेकडा नान. टाके आतून ताणत गेले. वर तिने मेंढीच्या शेपटीची चरबी चोळली, शिलाजीत लावलं, आणि डॉक्टरांच्या पट्ट्या लावल्या तर त्या तंदुराच्या धगीने तासाभरात सुटून सलवारीत उतरायच्या. व्रण मात्र दिवसेंदिवस बाळसं धरत होता.

जानेवारीच्या शेवटी थंडी अशी पडली की घरचे नळ गोठले. सासूबाई म्हणाल्या, सगळ्याजणी गावच्या हमामात न्हायला चला. होसियतने डोकं दुखतंय म्हणून पाहिलं, पाळी आलीय म्हणून पाहिलं. "पाळी गेल्या आठवड्यात होती," सासूबाई म्हणाल्या. एका घरात राहिलं की एवढंही लपत नाही.

हमामात ती चादर गुंडाळून कोपऱ्यात बसली आणि बसल्या बसल्या अंगावर पाणी घेत राहिली. सासूबाईंना तिची दया आली. त्यांनी अंग घासणाऱ्या कुमरीला हाक मारली. "कुमरी, माझ्या सुनेला चांगली घास. आजारातून उठली आहे, रक्त फिरू दे जरा."

"चल गं, झोप इथं," कुमरी म्हणाली.

"नको, आपा, मी घरीच..."

"लाजतेस काय नव्या नवरीसारखी? या गावातलं एक पोट मी बघायचं ठेवलेलं नाही." आणि तिने चादर ओढली.

कुमरीचा हात तसाच हवेत राहिला. शेजारी केस धूत होत्या त्या दोघींनी साबण लागलेले डोळे उघडले.

"हे पित्त होय?" कुमरी म्हणाली. "पित्त बरगडीखाली असतं, बाई. इथून काय काढतात ते मला शिकवू नकोस."

"माझं सिझेरियन झालंय," मी पुढे झाले. "ही बघ चीर, वीतभर आहे. हिची बघ केवढी आहे! सिझेरियनची अशी असते का?"

कुमरीने माझं पोट बघितलं, तिचं बघितलं. "मग जुळी असणार," ती म्हणाली. "तिला आधीही जुळीच झाली होती."

मी मदत करायला गेले आणि एकाची दोन झाली. होसियत दगडावर पडून होती, तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. पोट झाकायचं तिला सुचलं नाही.

सासूबाई उठल्या. त्यांनी स्वतःच्या अंगावरची चादर काढून सुनेवर टाकली आणि सत्तरीचं उघडं अंग घेऊन सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. "खडे मोठे होते," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "चला घरी."

मला वाटलं, चला, निदान सासू तरी हिची आहे. घरी येऊन त्यांनी दार लावलं, पोरांना बाहेर पाठवलं आणि हळूच विचारलं, "जगलं का?"

"काय, आई?"

"लेकरू."

मग होसियतने सगळं खरं सांगितलं. बस, बाजारातल्या बायका, मोडलेल्या बांगड्या, जास्तीची कातडी कापून शिवणं, सगळं. मीही मध्ये मध्ये शपथा घातल्या. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, तरी चांगलं पोट फाडून घेतलंस? बांगड्या मोडून?" त्यांनी मान हलवली. "अगं, खोटं बोलायचं तर पटेल असं तरी बोल. खडे बरे होते त्यापेक्षा."

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि आवाज मोठा करून सासूबाईंपुढे धरला. त्या बिचारीने सगळं नीट समजावून सांगितलं. फोन ठेवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आवाज गोड आहे बाईचा. तिच्याही हातावर काहीतरी ठेवलं असशीलच तू." नंतर त्यांनी या विषयावर एक शब्द काढला नाही. जेवायला वाढताना सुनेच्या ताटात मांसाचा तुकडा जरा मोठा टाकायच्या, बाळंतिणीला टाकतात तसा. होसियत तो पोरांच्या ताटात सरकवायची.

गल्लीने हिशेब जुळवला. जाताना पोट होतं, येताना नव्हतं. माहेरी जाऊन पडली होती. आली तेव्हा पोटाला पट्टा आवळलेला होता, तो तर आमच्याकडे बाळंतिणीच आवळतात. सगळं कसं चपखल बसत होतं. पोटामुळे जो नुसता संशय होता, त्याला व्रणाने पुरावा दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रशियात आमच्या गावची निदान वीस माणसं आहेत, त्यामुळे तुरगुनला कुणी कळवलं हे शोधण्यात अर्थ नव्हता.

तो नवरोझच्या चार दिवस आधी आला. पोरांना फोन आणले, आईला लोकरीची शाल आणली, मलासुद्धा चहाची किटली आणली. जेवताना हसला, पोरांची उंची दाराच्या चौकटीशी मोजली. होसियत ताटं उचलत होती आणि अधूनमधून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, बाई सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पीठ मळताना मी तिला विचारलं.

"त्याला मी सगळं सांगितलं, आपा. दिवा लावून दाखवलं. तुम्ही हमामात सांगितलं तसं सांगितलं, की एवढी मोठी चीर मुलासाठी घेत नाहीत. मध्ये एकदाही बोलला नाही तो. मला वाटलं, पटलं."

"मग?"

"मग म्हणाला, मुलगा आहे की मुलगी?"

माझे हात पिठात थांबले.

"म्हणाला, 'दोन दोन वर्षं मी येत नाही, चूक माझीही आहे. कुणाचं ते मी विचारणार नाही, जन्मात विचारणार नाही. पण लेकराचा काय दोष? कुठं ठेवलंय तिथून घेऊन ये. माझं नाव लावू.' रडत होता, आपा. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं."

त्याने मारलं असतं, घराबाहेर काढलं असतं, तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते. पण असल्या चांगुलपणाशी भांडायचं कसं?

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? लेकरूच नाही म्हटलं. तर एकदम मागे सरकला." ती पुन्हा पीठ मळायला लागली. "म्हणाला, 'म्हणजे ठेवलंच नाहीस?' आणि अंथरूण घेऊन पोरांच्या खोलीत गेला."

उन्हाळाभर राहणार म्हणून आलेला माणूस दहा दिवसांत परत गेला. जाताना सगळ्यांना मिठी मारली, होसियतच्याही डोक्यावर हात ठेवला. पैसे दर महिन्याला येतात, आईच्या नावावर. येण्याचं विचारलं की काम आहे म्हणतो.

आता दुसरा हिवाळा लागलाय. डॉक्टरीणबाईंचं खरं झालं. व्रण फिका पडलाय, चपटाही झालाय, रेघ ओढल्यासारखा. होसियत बसमध्ये उभी असते आणि तिला कुणी जागा देत नाही.

तुरगुन गेल्यावर गाद्यांना ऊन दाखवताना तिला कोनाड्यात लाल लोकरीच्या बुटांची एक जोडी सापडली होती. आमच्या घरातल्या कुठल्याच पोराच्या पायात जाणार नाही एवढी लहान, माझी दोन बोटं आत गेली तर भरते. रशियातून येताना बॅगेत घालून आणलेली आणि द्यायची राहून गेलेली. नवऱ्याने आणलेली वस्तू आमच्यात टाकत नाहीत, म्हणून ती गाद्या काढल्या की बूट झटकते आणि परत जागेवर ठेवते. परवा मी तिच्याबरोबर गाद्या काढत होते. बूट हातात घेतले तर भरल्यासारखे लागले. आत बघितलं, तर कसर लागू नये म्हणून सासूबाईंनी दोन्हींत कडू पाला भरून ठेवला होता.