काहिलीपासून वीस हात

काहिलीच्या मोठ्या कढईत उसाच्या रसाचं आधण उतरायला आलं आणि नेमकी तेव्हाच नाथाजीच्या पोटात कळ उठली. पाक फुलून आला की गुळव्यानं डोळ्याचं पातंसुद्धा लवू द्यायचं नसतं. जरा उशीर झाला तर गूळ करपतो, घाई केली तर ढेप धरत नाही. नाथाजी दात आवळून उभा राहिला आणि शेवटी तांब्या उचलून उसाच्या फडात पळाला. परतला तोवर आधण काळं पडलं होतं.

"तात्या, तांब्या कमरंलाच बांधा की," चुलवाणात चिपाडं सारणारा गुंडा म्हणाला. सगळं गुऱ्हाळ हसलं. नाथाजीही हसला. शौचाला रक्त पडतं हे त्यानं अजून बायकोलाही सांगितलं नव्हतं.

हंबीररावांच्या गुऱ्हाळावर त्याची वीस वर्षं गेली होती. पाण्यात बोट बुडवून तो उकळत्या पाकाची गोळी वळून बघायचा, आणि त्या बोटाचा गूळ शिराळ्यापर्यंत नावानं मागितला जायचा. आता वाईच्या वैद्यानं संग्रहणी ठरवली आणि चाळीस दिवस नुसत्या ताकावर ठेवलं. नाथाजीचं चिपाड झालं, रक्त काही थांबलं नाही. मग सांगलीच्या डॉक्टरनं आव समजून दहा इंजेक्शनं टोचली. त्यानंतर चार पावलं चाललं तरी छाती धडधडायची. डॉक्टर प्रामाणिक होता. आव असती तर थांबली असती, म्हणाला; आतड्याचा क्षयही असू शकेल, नक्की सांगता येत नाही.

गाडी हाकायला गुंडा सोबत होता. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला गडी तो. एवढ्या बोलण्यातला एकच शब्द त्यानं गावात आणला. दिवेलागणीपर्यंत नाथाजीला क्षय झाला होता. त्याच्या बोटाचा गूळ कोण खाणार? दुसऱ्या दिवशी काहिलीवर गुंडा उभा होता.

माघात नाथाजी पुन्हा सांगलीला गेला. छाती-पोटाचा फोटो काढला, थुंकी तपासली. क्षय नाही, असं डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं. मोठ्या आतड्याला सूज आहे, व्रण आहेत. कोलायटिस म्हणतात, पण कशानं होतो ते आम्हालाही ठाऊक नाही. कमी होईल, पुन्हा उलटेल. मनुबाईनं तो कागद देवापुढं ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि नवऱ्याच्या हातात दिला. "जावा आता," ती म्हणाली. "तुमची जागा तुमाला मिळंल."

हंबीररावांनी कागद दोनदा वाचला.

"कागद खरा आसंल रं नाथा. पर लोक कागद खात न्हाईत, गूळ खात्यात."

"बोट न्हाई बुडवत, मालक. नुसता हुबा ऱ्हातो काहिलीवर."

हंबीररावांनी नकारार्थी मान हलवली. पण गुऱ्हाळावरनं वैऱ्यालाही रिकाम्या हातानं धाडत नाहीत. त्यांनी एरंडाच्या पानावर गूळ घालायला सांगितला. गड्यानं ते पान बांधावर, काहिलीपासून वीस हातांवर ठेवलं आणि लगबगीनं मागं सरला. नाथाजी पानापाशी जाऊन बसला. गुळाचा रंग मेला होता. गुंडाला आधण केव्हा उतरवायचं ते कळत नव्हतं, हे त्याला बघताच समजलं. एवढ्यात वाऱ्यावर पाक तयार झाल्याचा वास आला आणि तोंडातून आपसूक निघून गेलं, "उतरा."

गुंडानं दचकून आधण उतरवलं. गूळ सोन्यासारखा पडला.

हंबीरराव खूश झाले. "झ्याक झालं. रोज हितं बांधावर येऊन बस. लांबनंच सांगत जा. जाताना गुळाचं पान घिऊन जात जा."

नाथाजी दुसऱ्या दिवशी गेला. लाज वाटली, रात्रभर वाटली, तरी गेला; गुळाशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. पहिलं आधण त्यानं सांगितलं. काम झालं तसं पान बांधावर आलं. ठेवणाऱ्यानं नाकाला धोतराचा सोगा लावला होता.

दुसरं आधण फुलून आलं. वास चढला. चौघे गडी काहिलीला हात घालून ताटकळले.

"तात्या, उतरू का?" गुंडानं हाक दिली.

त्या दिवशी नाथाजीचं पोट शांत होतं, कित्येक महिन्यांनी. त्यानं तांब्या उचलला आणि फडाकडं चालू लागला.

मागं कोणीतरी हसलं. "लागली वाटतं म्हाताऱ्याला," म्हणालं. हंबीररावांनी गड्यांना थांबायला सांगितलं, इतक्यात येईल म्हणाले. नाथाजी पळत नव्हता. स्वतःच्या रानात चालावं तसा सावकाश जात होता.

फडाच्या पलीकडं तो सावलीत बसला, तांब्या शेजारी ठेवला. करपल्याचा वास तिथवर आला, तेव्हाही तांब्या काठोकाठ भरलेला होता.