खुर्चीच्या बाजूचा आवाज

बाबा गेले, पण त्यांचा आवाज घरात राहिला. आणि त्या आवाजाची कळ वहिनीच्या हातात होती. धाकटीला, त्यांच्या लेकीला, सलत होतं ते हेच.

तसं पाहिलं तर सलण्यासारखं त्यात काही नव्हतं. आईची दृष्टी गेल्यापासून बाबा तिला रोज दुपारी वाचून दाखवत. पुढे त्यांच्याच इस्पितळाच्या खेपा सुरू झाल्या, तेव्हा त्यांनी एक जाडजूड कादंबरी आपल्या आवाजात कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवली. आपण नसलो तरी हिची दुपार रिकामी जायला नको, एवढाच हेतू. बाबा गेले, कादंबरी उरली. आता जेवणं आटोपली की आई दिवाणावर पाठीशी उशी घेऊन बसे आणि हाक मारी, ती वहिनीला. पोटची पोर समोर बसलेली असताना.

हाक मारायचं कारण होतं ते यंत्र. बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेलेला. निवृत्तीनंतर त्यांनी जुना कॉम्प्युटर हाती घेतला आणि त्याच्यावरची चित्रं, खिडक्या, बाण, सगळं उतरवून ठेवलं. "यंत्र म्हातारं झालंय, त्याला दागिने कशाला?" म्हणत. उरला तो काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. काही हवं असेल तर इंग्रजीत एक ओळ टाइप करून मागायचं. स्पीकरांची बटणं कधीच निखळली होती, त्यामुळे आवाज लहानमोठा करायचा तोही असा लिहूनच.

वहिनी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दुपारी जेवायला घरी यायची आणि परत निघताना, पर्स खांद्याला लावूनच, उभ्याउभ्या कळफलकावर बोटं चालवायची.

"मोठा वाटतोय का हो, आई?"

"एक घर कमी कर."

टकटक, टकटक. "आता?"

"हां. बास."

सासूसुनांचं हे एवढंच बोलणं. पण धाकटी ते दाराशी उभी राहून ऐकायची आणि तिला वाटायचं, आपण कुणाच्या तरी घरी पाहुण्या आलो आहोत. वहिनी सासऱ्याला बाबा म्हणायची. लग्न होऊन आली तेव्हापासून म्हणायची. तेव्हा कधी कानाला खटकलं नव्हतं. आता तो शब्द उसना घेऊन परत न केल्यासारखा वाटायचा.

धाकटी दुसऱ्या शहरात कॉलेजात भाषा शिकवायची, एकटी राहायची. या खेपेला ती मनाशी ठरवून आली होती की आईला आपल्याकडे घेऊन जायचं. भाऊ म्हणाला, "तिला विचार. ती तयार असेल तर माझी ना नाही." आईला तिने आडून आडून विचारलं, तर आई म्हणाली, "माझं काय, जिथे ह्यांचं वाचन तिथे मी."

मग झालंच की! कॉम्प्युटर काय, दोन हातांत उचलून नेता आला असता. फक्त तो चालवता यायला हवा होता. आणि त्यासाठी वहिनीपुढे नाक घासायचं म्हणजे जिवावर आलं होतं. तरी एकदा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "वहिनी, तू टाइप काय करतेस गं ते?"

"गुरुमंत्र आहे, वन्सं. असा फुकट मिळतो होय?" वहिनी हसली.

"बाबांनी दिला?"

"मग काय तुमच्या भावाने? त्यांना टीव्हीचा रिमोट सापडत नाही! येते मी, दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय."

थट्टाच होती ती. दुसऱ्या कुणी केली असती तर धाकटीही हसली असती. पण गुरुमंत्र हा शब्द तिला टोचला. आपण बाबांची लाडकी. चालायला लागण्याआधी अक्षरं ओळखायला लागलेली. आणि बाबांनी शेवटी शिकवलेली गोष्ट शिकवली कुणाला, तर सुनेला. आपण तेव्हा कुठे होतो? फोनवर. "बाबा, आत्ता तास आहे, रविवारी बोलते" म्हणत.

मंत्र काही आभाळातून पडत नाही. यंत्राच्या पोटातच त्याची माहितीपुस्तिका होती, पानंच्या पानं. ती धाकटीने बसून वाचून काढली. वाचण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी वहिनीने दुकानातून निरोप पाठवला की जेवायला येत नाही, गर्दी आहे. धाकटीने पदर खोचला नाही एवढंच.

"मी लावते आज वाचन," ती म्हणाली.

"तुला जमेल?" आईने विचारलं.

त्या दोन शब्दांनी उरलीसुरली भीडही गेली. धाकटीने आधी आवाज सध्या किती आहे ते यंत्राला विचारलं. यंत्राने दोन ओळींत उत्तर दिलं: डावीकडे इतका, उजवीकडे इतका. दोन्ही आकडे सारखे नव्हते. थोडेथोडके नव्हे, चांगलेच वेगळे. उजवा कुठे आणि डावा कुठे! मुद्रितशोधकाच्या मुलीला ओळीतलं वाकडं अक्षर दिसावं तसं ते दिसलं. हे असं चाललंय होय इतके दिवस? उभ्याउभ्या, पर्स खांद्याला लावून काम केलं की असंच व्हायचं. तिला खरं सांगायचं तर आनंदच झाला.

तिने ओळ टाइप केली आणि शेवटी आकडा घातला: साठ टक्के. डावा साठ, उजवा साठ. बाबा चूक सुधारल्यावर समासात बारीकशी खूण करत, तसं काहीतरी करावंसं तिला वाटलं. मग तिने वाचन सुरू केलं.

बाबांचा आवाज आला. भरीव, सावकाश, शब्दाच्या शेवटी किंचित दम खाणारा. धाकटीने डोळे मिटले.

"हे कपाटात का जाऊन बसलेत?" आई म्हणाली.

"कोण?"

"कोण काय? हे. आवाज कपाटातून येतोय."

कॉम्प्युटर कपाटाच्या खणात होता, आईच्या अगदी समोर. एक स्पीकर डावीकडे, दारापाशी, दुसरा उजवीकडे, खिडकीपाशी.

"आई, आवाज स्वच्छ येतोय ना?"

"स्वच्छ आहे गं. बातम्या सांगणाऱ्याचा असतो तसा स्वच्छ आहे." आईने उशी काढून बाजूला ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. "बंद कर. ती आली की लावेल."

धाकटीने नुसतं वाचन नाही, अख्खं यंत्रच बंद केलं. बंद होताना ते शेवटचे आकडे लक्षात ठेवतं आणि आधीचे पुसून टाकतं, हे त्या माहितीपुस्तिकेत होतं. पण रागात ते कुणाला आठवतंय.

दिवेलागणीला वहिनी आली. आईने तिला पर्ससुद्धा ठेवू दिली नाही. वहिनीने यंत्र चालू करून वाचन लावलं, आवाज वाढवून पाहिला, उतरवून पाहिला. आई प्रत्येक वेळी मान हलवत होती. नाही. अजून कपाटातच.

वहिनी वळली. "वन्सं, तुम्ही आकडा घातलात?"

"घातला. डावं-उजवं सारखं नव्हतं. मी नीट केलं."

"नीट केलंत!" वहिनीने आता कुठे खांद्यावरची पर्स उतरवली. "अहो, बाबांनी मला एकच गोष्ट बजावली होती. आकडा घालायचा नाही. पाच टक्के अधिक, नाहीतर पाच टक्के उणे. अधिक म्हटलं की दोन्ही बाजू सारख्या चढतात, मधलं अंतर तसंच राहतं. आकडा घातला की दोन्ही एका रांगेत उभ्या. मेलं अंतर!"

"मग होता तो घाल ना परत."

"मला काय ठाऊक किती होता? मी पडद्याकडे कधी बघितलंच नाही. माझं लक्ष आईंच्या तोंडाकडे."

"मी बघितला होता," धाकटी म्हणाली.

"किती होता?"

चूक धाकटीला लख्ख आठवत होती. चुकीच्या जागी लिहिलेलं काय होतं, ते आठवत नव्हतं.

मग वहिनीने सांगितलं. पहिल्यांदा वाचन लावलं तेव्हाही आई असंच म्हणाली होती: परका माणूस समोर उभा राहून बोलतोय. ह्यांची जागा उजवीकडे, खिडकीच्या खुर्चीत. तेव्हा बाबा खुर्चीत बसून स्वतः वाचत राहिले आणि वहिनी इकडे पडद्यावर, जिथे एकेका स्पीकरचा आवाज उभ्या खांबासारखा दिसतो तिथे, डावा खांब उतरवत, उजवा चढवत गेली, दोन्ही आवाज एका जागी येईपर्यंत. त्यात आकडा नव्हताच. आईचा कान होता आणि बाबांचा गळा.

"तसंच करू की परत. बस तू खुर्चीत, मी करते खालीवर."

"मी बसून काय उपयोग?" वहिनी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "आईंना तिथे त्यांच्यासारखं काहीतरी ऐकू यायला हवं. तुमचा आवाज त्यांचा आहे, वन्सं. तोच खर्ज. तेच शब्दाच्या शेवटी थांबणं. तुम्ही फोनवर हॅलो म्हणालात की मला अजून वाटतं, बाबाच बोलतायत. तुम्ही काय, जन्माला येतानाच घेऊन आलात तो. मला बापडीला अधिक आणि उणे मिळालं."

धाकटीने चमकून पाहिलं. हा सूर तिच्या ओळखीचा होता. इतके दिवस तो तिच्याच पोटात वाजत होता. दुसऱ्याच्या तोंडून कसा ऐकू येतो, ते आज कळलं. तिला वहिनीची दया यायला हवी होती. आली ती थोडीशीच. बाकीचं काय होतं, ते तिने तपासलं नाही.

ती खिडकीच्या खुर्चीत जाऊन बसली. बाबा गेल्यापासून त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं. हाताच्या जागी लाकूड गुळगुळीत झालेलं होतं. वहिनीने फळीवरून कादंबरी काढून दिली आणि पान उघडून दिलं. यंत्रातून बाबा वाचू लागले, इथून धाकटी. तेच पान, तीच ओळ. पडद्यावर दोन उभे खांब होते आणि वहिनीची बोटं.

"आई, हे बरं," वहिनी म्हणाली, दुकानात भिंगं बदलताना म्हणते तशी, "की हे?"

"दुसरं. टेबलापाशी आलेत."

"हे? की हे?"

"अजून सरकव. अजून. अगं, अगं, खिडकीबाहेर गेले की! पडतील!"

तिघीही हसल्या. बाबा गेल्यावर त्या खोलीत पहिल्यांदाच. धाकटीची ओळ चुकली. बाबांची चुकली नाही.

"हसताय काय, आत घ्या त्यांना. हां. थोडं. तिथेच. तिथेच!" आईने हात वर केला. "बसले."

धाकटी वाचायची थांबली. आवाज थांबला नाही. तिचं तोंड होतं त्याच जागेवरून, तिच्या श्वासाच्या उंचीवरून, बाबा पुढची ओळ वाचत होते. ती झटकन उठून उभी राहिली, कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखी.

आईचा चेहरा खुर्चीकडे वळलेला होता. समोर नाही, कपाटाकडे नाही. खुर्चीकडे. धाकटीने आपल्या घराची ती खोली आठवून पाहिली, जिथे तिने आईची खाट मनातल्या मनात केव्हाच मांडली होती. खिडकी होती. खुर्चीही मिळाली असती. पण आईचा चेहरा कुठे वळायचा, हे त्या खोलीला कुणी सांगितलं असतं?

"इकडे या," वहिनीने कळफलक तिच्याकडे सरकवला. "जरा बारीक झालाय. तुम्हीच करा. उद्याही मला यायला जमायचं नाही."

धाकटीने ओळ टाइप केली. बोट सवयीने आकड्याशी थांबू पाहत होतं. पाच टक्के, आणि पुढे अधिक.

"बास," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "धाकटे, तू मला काहीतरी विचारणार होतीस ना?"

"नंतर, आई. वाचन चाललंय."

वहिनी दिवाणाच्या कडेला, आईच्या पायांशी बसली. लहानपणी ती जागा धाकटीची होती. तिथे सरकून घेतलं असतं तर दोघी मावल्या असत्या. वहिनीने सरकून घेतलं नाही, आणि धाकटीनेही म्हटलं नाही. ती कपाटाला टेकून उभ्यानेच ऐकत राहिली. खोलीत बसायला खुर्ची एकच होती, आणि ती बाबांनी अडवलेली होती.