पश्चिमेची भिंत

मोहने गावातल्या वाचनालयाच्या दारावर एक संगमरवरी पाटी होती. वर तेव्हाच्या सरपंचांचं नाव, मग देणगीदारांची नावं, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत 'बांधकाम : पंढरी भिवाजी गवंडी'. गेली पन्नास वर्षं पंढरी येता-जाता ती पाटी वाचत आला होता. त्यात नवं काही नव्हतं, पण स्वतःचं नाव वाचून कुणाचं मन भरतं का? पंढरीचं तर मुळीच भरत नसे.

आता रस्ता रुंद होणार होता आणि वाचनालय बरोबर रस्त्यात येत होतं. गावाने देवळामागची जागा दिली. तिथे काय बांधायचं, कसं बांधायचं, यावर बैठक बसली तेव्हा पंढरीची नात संचिता उभी राहिली. ती ठाण्याला, खोपटला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात कामाला होती. तिने सरळ सांगितलं, "नवीन काही आणायचंच नाही. कौलं आहेत, सागवानी दारं-खिडक्या आहेत, विटा आहेत. सगळं उतरवू आणि तेच परत लावू. कौलांवरचं पाणी पन्हळीने विहिरीत सोडू. नाहीतर या सगळ्याचा राडारोडा होणार आणि कुणीतरी रात्रीत तो नदीकाठी ओतणार. बघताय ना तिकडे काय झालंय ते?"

"ते समदा खरा, पोरी," कमिटीचा अध्यक्ष साईनाथ म्हणाला. "पन विटा फुटल्या तर?"

"माझ्या आबांनी बांधलंय ते. त्यांनाच विचारा."

सगळ्या माना पंढरीकडे वळल्या. बहात्तर वर्षांचा माणूस, त्याने जरा विचार करून बोलायला हवं होतं. पण गाव आपल्याकडे बघतंय म्हटल्यावर त्याची छाती फुगली. "निम्म्या विटा जरी धड निघाल्या नाहीत, तर माझं नाव पंढरी नाही," तो म्हणाला, आणि ठराव पास झाला.

रस्त्याच्या ठेकेदाराने आठ दिवस दिले. तेवढ्यात जे उतरेल ते गावाचं, पुढे जेसीबी. विटा नाही निघाल्या तर देवळामागे पत्र्याची शेड ठोकायची, हेही त्याच बैठकीत ठरलं होतं. संचिताला पत्र्याची शेड नको होती. ती याच वाचनालयात दहावीचा अभ्यास करून शिकली होती, आणि गावात तिने पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

पहिले दोन दिवस कौलं आणि वासे उतरवण्यात गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतींना हात लागला. कुठून सुरुवात करायची ते पंढरीनेच दाखवलं. दर्शनी भिंत, पाटीशेजारची. त्याने स्वतः छिन्नी लावली, हातोडा मारला, आणि विटेचे तीन तुकडे झाले.

"पहिली आहे," तो म्हणाला.

दुसरीचे दोन झाले. तिसरीचा नुसता चुरा. मग पोरांनी हात लावला, संचिताने लावला, साईनाथनेही लावून बघितला. जोडातलं सिमेंट विटेला असं धरून बसलं होतं की वीट जीव सोडत होती, पण सिमेंट वीट सोडत नव्हतं. दुपारपर्यंत शे-दीडशे विटा उकरून झाल्या आणि धड निघाल्या त्या अकरा. दर्शनी भिंत अशी, पूर्वेचीही तशीच; मग उरलेल्या दोन वेगळ्या कशा असतील?

"विटेपेक्षा सिमेंट कडक आहे, आबा," संचिता ढिगाशेजारी बसून हळूच म्हणाली. "जोड सुटत नाही मग. वीटच फुटते." तिच्या आवाजात तक्रार नव्हती आणि तेच पंढरीला जास्त लागलं.

साईनाथने हातातली धूळ झटकली. माणूस वाईट नव्हता. "पोरी, आता जीव नको काढूस. पत्रा मारू. मी उंद्याच जेसीबीवाल्याला फोन करताव."

संचिताने मान डोलावली. उठली, ओढणीने तोंड पुसलं आणि पाठ करून उभी राहिली. पोरं पाणी प्यायला गेली. पंढरी मात्र जागचा हलला नाही. त्या सगळ्यांत त्याला एकट्यालाच ठाऊक होतं की या वाचनालयाच्या चार भिंती एका हाताच्या नाहीत.

त्याचा बाप भिवाजी कोकणातून आलेला, चुन्यात काम करणारा गवंडी. खाडीवरच्या शिंपल्या भाजून चुना करायचा, बैल जुंपून दगडी चाकाच्या घाणीत दळायचा, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचा. वाचनालयाचं काम बापलेकांनी मिळून घेतलं होतं. भिवाजीने पश्चिमेची आणि मागची भिंत धरली, पंढरीने पूर्वेची आणि पुढची. तेवढ्यात परमिटवर सिमेंटच्या गोण्या आल्या आणि बाविशीच्या पंढरीच्या अंगात वारं शिरलं. त्याने आपल्या भिंती सिमेंटमध्ये चढवल्या. वर भर चौकात, सरपंचांसमोर, बापाला म्हणाला, "तुमचा चुना दोन पावसाळ्यांत रडेल." भिवाजीने फक्त थापी उचलली. आपल्या दोन भिंती त्याने शेवटपर्यंत चुन्यातच पुऱ्या केल्या.

पुढे भिवाजी शिमग्याला गावी गेला. तेवढ्या आठ दिवसांत पंढरीने बापाच्या दोन्ही भिंतींवर आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला. चारही भिंती एकसारख्या दिसू लागल्या. कुणी विचारायला नको, कुणी सांगायला नको. भिवाजी परत आला, गिलाव्यावरून एकदा तळहात फिरवला आणि घरी गेला. त्यानंतर त्याने थापी हातात धरली नाही. उद्घाटनाला शाल-श्रीफळ पंढरीला मिळालं. भिवाजी मागे, चपलांच्या ढिगाजवळ उभा होता. पंढरीने त्याला पाहिलं होतं. नंतर आपण पाहिलंच नाही असं त्याने स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की ते जवळजवळ खरं झालं होतं.

जवळजवळच. कारण पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल यायची, आणि दर वेळी पंढरी मनातल्या मनात म्हणायचा, बघ, रडला की नाही तुझा चुना.

साईनाथने खिशातून फोन काढला होता. आता गप्प बसलं तर काही बिघडणार नव्हतं. पत्र्याची शेड झाली असती. पाटी तिच्यावर लागली असती. जुन्या विटाच तशा, असं लोक म्हणाले असते आणि चार दिवसांत विसरले असते. नातीने मात्र पुन्हा गावात काही मागितलं नसतं. पंढरीने तिच्या पाठीकडे पाहिलं.

"साईनाथ, थांब," तो म्हणाला. "पाटी खोटी आहे."

"काय बोलता मिस्त्री?"

"पश्चिमेची आणि मागची भिंत माझी नाही. माझ्या बापसाची आहे. चुन्यातली. वरून मी सिमेंट थापलंय, ती झाकायला."

संचिता वळली. तिच्या कपाळावर विटेची लाल धूळ होती. "आबा, मी तिसरीत असताना तुम्ही माझा हात धरून मला या भिंती दाखवल्या होत्या. चारही."

"चारही दाखवल्या," पंढरी म्हणाला. तिने छिन्नी उचलली आणि ती पश्चिमेच्या भिंतीकडे चालू लागली.

गिलाव्याचा पापुद्रा पाटीएवढा निखळून पडला. आत ओलसर, पिवळट पांढरे सांधे होते. संचिताने त्यावरून बोट फिरवलं. "भिंत ओली राहायची ती यामुळे," ती स्वतःशी बोलावं तशी बोलली. "चुन्याची भिंत ओल घेते आणि परत सोडते. वर सिमेंट मारलं की कोंडते. पाणी आतच राहतं." पंढरीने ते ऐकलं. पन्नास पावसाळे तो बापाला ज्या ओलीबद्दल टोमणे मारत आला, ती त्याच्याच हातची होती. तो तिथेच, उतरवून ठेवलेल्या वाशावर बसला.

सांध्यात छिन्नी सरकली. हातोड्याचे हलके दोन ठोके, आणि वीट अख्खी हातात आली. चुना तिच्यावरून झडून गेला. संचिताने ती दुसऱ्या विटेवर आपटली, तर घंटेसारखी वाजली. पोरं धावत आली. संध्याकाळपर्यंत देवळामागे विटांची कंबरभर थप्पी लागली होती.

पुढचे पाच दिवस पंढरी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बसे आणि एकेक वीट तासून, नारळाच्या काथ्याने घासून साफ करी. कुणी त्याला लागेल असं बोललं नाही. कुणी मिस्त्रीही म्हटलं नाही. फक्त एका कोपऱ्यात, जिथे बापाची आणि लेकाची भिंत एकमेकींत गुंतवली होती, तिथल्या विटा कुणालाच धड काढता आल्या नाहीत. पंढरीच्या दोन्ही भिंतींचा चुरा नव्या वाचनालयाच्या पायात भरावाला गेला. पाटी उतरवून कुणीतरी देवळाच्या ओट्याला टेकवून ठेवली होती, अक्षरं भिंतीकडे करून. ती तशी आपणच ठेवली, हे पंढरीने कुणाला सांगितलं नाही.

सातव्या दिवशी दुपारी संचिता वही घेऊन त्याच्याजवळ येऊन बसली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. "भिंती चुन्यातच उभ्या करायच्या ठरल्यात," ती म्हणाली. "म्हणजे पुढे पन्नास वर्षांनी कुणाला उतरवाव्या लागल्या तर उतरतील. आता सांगा आबा, मी लिहून घेते. चुना किती, वाळू किती? गूळ किती? हिरडा किती दिवस भिजवायचा?"

पंढरीने तोंड उघडलं. त्याला घाणी दिसली, बैल दिसला. चाकाखालून करंगळीवर चुन्याची गोळी घेऊन ती जिभेवर ठेवणारा बाप दिसला. डोळे मिटून, जरा थांबून भिवाजी म्हणायचा, "अजून थोडा गूळ." किंवा, "झालं." लहानपणी पंढरी त्याला हसायचा. मोठेपणी त्याला त्याची लाज वाटायची.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

"थोडं तरी? अंदाजाने?"

"जिभेवर ठेवून सांगायचा तो. मी कधी विचारलंच नाही, संचू. मला वाटायचं, त्यात शिकण्यासारखं काय आहे!"

संचिताने वही मिटली. चुन्याचे चार तुकडे तिने कागदात बांधले. लॅबला पाठवून बघते, म्हणाली. मग तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभरच, आणि ती कामावर गेली.

पंढरीच्या मांडीवर एक वीट होती. तिच्या कडेला चुन्याचा एक खडा चिकटून राहिला होता. त्याने तो नखाने सोडवला, इकडे-तिकडे बघितलं आणि जिभेवर ठेवला. डोळे मिटले. गुळाची गोडी नव्हती, हिरड्याचा तुरटपणाही नव्हता, नुसती माती लागत होती. तरी तो खडा तोंडात धरून बसून राहिला, आणि बाप थांबायचा तेवढा थांबून त्याने पायाशी झडलेला दुसरा उचलला.