गोळ्या वाढल्या

रमणने बाटली कानाशी नेऊन हलवली. आत एकच गोळी खुळखुळली.

“एक,” तो म्हणाला. “अख्ख्या बाटलीत एक. हे बघितलं की माझं डोकं फिरतं, ताई.”

त्याने ती तपकिरी प्लास्टिकची बाटली टेबलावर लॅपटॉपशेजारी आपटली. लेबलवर आईचं नाव होतं, सुलभा. आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं. नीलांबरीने आडवी झालेली बाटली उभी केली आणि चहाकडे वळली. आईला जाऊन तीन महिने झाले होते. खोली आवरून झाली होती, साड्या वाटून झाल्या होत्या. एवढी बाटली तिच्याने टाकवली नव्हती.

रमण त्याच्या घरून, दीड तासावरच्या रोटोटुनाहून, सकाळीच निघून आला होता. येताना मोटरवेवर त्याने तक्रारीचा मजकूर मनात पक्का केला होता. आईच्या प्रेशरच्या गोळ्या क्लिनिकने वेळेवर दिल्या नाहीत, म्हणून डोक्यातली शीर फुटली. कोणीतरी उत्तर द्यायला हवं. तो पुलांची डिझाइनं करायचा. काही कोसळलं की कुठला बोल्ट सैल होता हे सापडलंच पाहिजे, असं त्याला मनापासून वाटे.

“क्लिनिकच्या पोर्टलमध्ये सगळं असेल ना? कधी मागवल्या, कधी मिळाल्या?”

“असेल. उघडते. आधी चहा घे.”

त्याने उठून ओट्यावरचा डबा उघडला. “साखर संपली गं.”

दोघंही थांबले.

“वाढली म्हण,” नीलांबरी म्हणाली.

रमण हसला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. “आणि तळाला चार दाणे ठेवायचे. रिकामा डबा दिसला की कसली चिडायची! आठवतं, पापाटोएटोएच्या त्या दुकानात? सरदारजींना म्हणाली, चावल बढ गये. ते बिचारे म्हणाले, माताजी, तो वापस दे जाओ.”

“मग ती त्यांच्यावरच चिडली.”

“घरातलं काही संपलं म्हणू नये, एवढंही कसं कळत नाही यांना!” रमणने हुबेहूब आईचा आवाज काढला. मग तो खिडकीबाहेर बघू लागला. समोरच्या नव्या घराच्या अंगणात वारा कोणाचा तरी ट्रॅम्पोलीन हलवत होता.

नीलांबरीने लॅपटॉप उघडला. आईचं खातं अजून तसंच होतं. दर तीन महिन्यांनी नीलांबरीची लेक इशिता आज्जीच्या पलंगावर मांडी घालून बसायची आणि फोनवरून गोळ्या मागवायची. आज्जी तिला त्याबद्दल बेसनाचा लाडू द्यायची. दुसऱ्या दिवशी केमिस्टकडून बाटली आणायचं काम नीलांबरीचं. अशी ही घडी बसलेली होती.

“जुलै बघ,” रमण म्हणाला.

जुलैत क्लिनिकचा निरोप होता: सुलभा यांच्या गोळ्यांचे तीन महिने होत आले आहेत, पुन्हा मागवायच्या का?

“म्हणजे त्यांनी विचारलं होतं,” रमण हळू म्हणाला. मग त्याने खालचं उत्तर मोठ्याने वाचलं. “नो थँक्स, शी हॅज हीप्स लेफ्ट.” पुढे एक हसरा चेहरा.

नीलांबरीने गॅस बंद केला. चहा अजून उकळला नव्हता.

जुलैतली ती संध्याकाळ तिला जशीच्या तशी ऐकू आली. आतल्या खोलीतून आई: “इशू, माझ्या प्रेशरच्या गोळ्या वाढल्या गं! तुझ्या त्या फोनवर बघ तेवढं.” आणि जिन्यावरून इशिता, खुशीत होकार देत: “स्वीट अ‍ॅज, आज्जी!” आपण इथेच, ओट्याशी, पोळ्या लाटत होतो आणि दोघींची जुगलबंदी ऐकून हसत होतो. आईने पुन्हा विचारलं नाही. एकच गोष्ट दोनदा सांगणं तिला हात पसरून मागितल्यासारखं वाटायचं. बाटली येईल म्हणून ती वाट बघत राहिली असणार. आणि डबा रिकामा करायचा नाही, म्हणून शेवटची गोळी तशीच ठेवली असणार.

“हीप्स,” रमण म्हणाला. त्याने बाटली पुन्हा हलवली. “हे म्हणे ढीगभर. कोणी लिहिलं हे? इशिताने?”

“मी लिहिलं.”

“तू?”

“मी.”

“हे पोरांचं हीप्स तू म्हणतेस?”

“एकोणीस वर्षं झाली मला या देशात. काय म्हणू मग, विपुल?”

“चेष्टा करू नकोस, ताई. बाटली न बघता लिहिलंस?”

“न बघता.”

“का?”

“वाटलं, आहेत.”

रमणने लॅपटॉपवरचा हात काढून घेतला. सैल बोल्ट सापडला होता. तो आपल्याच घरात निघेल असं त्याच्या मनात नव्हतं.

“मी म्हणत होतो, आईला माझ्याकडे राहू दे. रोटोटुनात काय कमी होतं? तू म्हणालीस, मी बघते. हे बघितलंस?”

“बघितलं. नऊ वर्षं बघितलं. जे झालं तेही मीच बघितलं, अँब्युलन्समध्ये मी होते.” तिचा आवाज चढला नाही. “तक्रार करायची तर माझी कर. फक्त आडनाव नीट लिही. इथे चुकवतात.”

“वर्षश्राद्ध मी माझ्याकडे करीन. तू आली नाहीस तरी चालेल.”

“मी येणार.”

“ताई—”

“तू दार उघडू नकोस. मी बाहेर उभी राहीन. पण येणार.”

ती नजर न वळवता त्याच्याकडे बघत होती. लहानपणी मार खाताना ती अशीच बघायची, बहुधा तेच त्याला आठवलं असावं. मग त्याने किल्ल्या उचलल्या. गाडी गेल्याचा आवाज आला तरी ती जागची हलली नाही.

दार लावायला गेली तेव्हा तिला इशिताच्या जँडल्स, रबरी चपला, दिसल्या. ओल्या. इशिता पोहायला गेली आहे असं ती धरून चालली होती. जिन्याच्या कठड्यावर टॉग्जची, पोहण्याच्या कपड्यांची, पिशवी लटकत होती, आणि चौथ्या पायरीच्या कार्पेटवर एक ओला डाग होता, कोणीतरी बराच वेळ बसून उठल्यासारखा. नीलांबरीने वाकून त्यावर तळवा ठेवला. डाग गार होता.

ती स्वयंपाकघरात परतली. खिडकीत तिची स्वतःची बाटली होती. आई गेली त्या आठवड्यात डॉक्टरांनी तिचंही प्रेशर मोजलं होतं आणि काही न बोलता आईच्याच गोळ्या लिहून दिल्या होत्या. आज सकाळी रमणच्या गडबडीत घ्यायची राहिली होती. तिने बाटली तळहातावर उलटी केली. एकच, शेवटची गोळी पडली. ती परत आत टाकावी असं बोटांना क्षणभर वाटलं. तिने ती जिभेवर ठेवली आणि रमणसाठी टाकलेला, न उकळलेला, बिनसाखरेचा चहा त्यावर ओतला.

इशिता दारात उभी होती. केस ओले, अंगात शाळेचा टी-शर्ट.

“वॉज दॅट मामा?”

“हो.”

“इज ही मॅड?”

“चिडू दे त्याला. माझा भाऊ आहे, मी बघीन.”

इशिता पुढे आली. तिने नीलांबरीची रिकामी बाटली उचलली, उलटी केली, तळाशी बोट नेऊन बघितलं. तिचे ओठ हलले. ती मराठीत बोलायला लागली की शब्द आधी तोंडात फिरवून घ्यायची. आताही तसंच केलं.

“आई,” ती म्हणाली. एरवी ती मम म्हणायची. “गोळ्या… वाढल्या.”

तिने नजर खाली घेतली नाही.

नीलांबरीने तिच्या हातातल्या बाटलीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“संपल्या म्हण.”

“बट आज्जी सेड—”

“ते आज्जीचं होतं. आपल्या घरात संपल्या की संपल्या म्हणायचं. जे होईल ते होईल.”

“संपल्या.”

“ऐकू नाही आलं.”

“संपल्या!” इशिता ओरडली, आणि मग रडायला लागली, अगदी लहान असल्यासारखी, तोंड न झाकता. नीलांबरीने तिला जवळ ओढलं. ओल्या केसांचं पाणी तिच्या खांद्यावरून आत झिरपलं. कोणीच काही कबूल केलं नाही आणि कोणीच काही विचारलं नाही.

बऱ्याच वेळाने नीलांबरीने एका हाताने आईचं पान बंद केलं, आपलं उघडलं आणि लॅपटॉप लेकीकडे सरकवला.

“माझ्या मागव.”

इशिताने मान हलवली. “यू डू इट.”

“नाही. तू. नेहमी तूच मागवतेस.”

इशिताने डोळे टी-शर्टला पुसले. खुर्ची ओढून बसली. बाटली उचलून उजेडात धरली, पुन्हा एकदा आत पाहिलं, आणि मग टाइप करायला घेतलं.