चिमाजीदादांची शेवटची चढाई

लग्नसराई संपली की वाजवणाऱ्या माणसांच्या अंगात काय शिरतं, ते मला आजवर कळलेलं नाही. चार-पाच महिने मांडवामांडवातून ओठ आणि बोटं झिजवलेली ही माणसं. आषाढ लागला की गुमान घरी बसावं, अंगाला तेल चोळून घ्यावं. पण नाही. आमच्याकडचे दोन ऑर्केस्ट्रे गंगापूर रोडच्या मागे, नदीकाठच्या मोकळ्या रानात, एकमेकांशी कबड्डी खेळायचे.

एक धोंडीरामभाऊंचा मधुवंती ऑर्केस्ट्रा, मखमलाबादचा. दुसरी चिमाजीदादांची सप्तशृंगी पार्टी. मी गाणारी, ज्याची सुपारी आधी येईल त्याच्याकडे गायचे, म्हणून पंच मी. कबड्डीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण बाईसमोर हे शिव्या जरा कमी देतात, एवढ्यावर माझी नेमणूक झाली होती.

नियम त्यांचे त्यांनी केलेले. मनगट धरायचं नाही, बोटं पिरगाळायची नाहीत, तोंडाला हात लावायचा नाही. बाकी सगळं चालतं. मग काय, कुणाचा गुडघा फुटायचा, कुणाचा खांदा उतरायचा. सप्तशृंगीचा ढोलकीवाला ज्ञानेश एकदा महिनाभर लंगडत होता आणि सगळ्यांना कौतुकाने पाय दाखवत होता. वर हे लोक मला सांगणार, प्रतिभाताई, गाताना नाजूक हरकत घ्या.

हरणाऱ्यांना दंड असायचा. त्यांच्या म्होरक्याने तिथेच चिखलात मांडी घालून पाठवणीची धून वाजवायची. मुलगी सासरी निघते तेव्हाची. त्या धुनेच्या मध्यावर एक लांब सूर आहे, मुलगी उंबरा ओलांडते तेवढा वेळ तो धरून ठेवावा लागतो. वाजवून झालं की जिंकणाऱ्याने म्हणायचं, "पावला." तो शब्द आला की दंड फिटला, आणि मग दोघांनी मिळून भेळ खायची.

हे दंडाचं काम वर्षानुवर्षं धोंडीरामभाऊंकडेच होतं. ते सॅक्सोफोन वाजवायचे, गोड वाजवायचे, पण दमाला कमी. त्या लांब सुरावर त्यांचा श्वास हटकून तुटायचा. चिमाजीदादा पोट धरून हसायचे. "उंबऱ्यातच पडनी रे तुन्ही नवरी, धोंड्या!" दादा मूळ नामपूरचे. चिडवायचं असलं की ते अहिराणीवर यायचे. मग "पावला, पावला" म्हणत स्वतःच धोंडीरामभाऊंना हात देऊन उठवायचे.

आणि दादांचा दम! क्लॅरिनेट वाजवून कमावलेली छाती. ते चढाईला गेले की "कबड्डी कबड्डी" अशी धार लागायची की ऐकणाऱ्याला श्वास घ्यावासा वाटायचा. समोरचे खेळाडू नुसते वाट बघून थकायचे. धोंडीरामभाऊ मला म्हणायचे, "ताई, तो नाकानं श्वास चोरतो. क्लॅरिनेटवाल्यांची खोड हाय ती. पण एवढी सफाईनं चोरतो की धरावं कसं?" तक्रार असायची, पण बोलण्यात अभिमानच जास्त. तरुणपणी दोघे एकाच बँडमध्ये शेजारी उभे राहून वाजवलेले. या माणसाचा श्वास धोंडीरामभाऊ त्याच्या बायकोपेक्षा जास्त ओळखत होते.

घात तिथेच झाला.

त्या वर्षी मधुवंतीला कामं जवळजवळ मिळालीच नाहीत. लोकांना डीजे हवा होता. धोंडीरामभाऊंनी सांगून टाकलं होतं, हे शेवटचं वर्ष, आता फुलांची शेती बरी. तिकडे सप्तशृंगीत चिमाजीदादा सबंध मोसमात फारसं वाजवताना दिसले नाहीत. क्लॅरिनेटच्या जागा कीबोर्डवरच काढून घ्यायचे. आम्हाला वाटलं, वय झालं, आळस आला.

सामन्याआधी ज्ञानेश मोठ्याने बोलून गेला, "या वर्षी मधुवंतीला जिंकू द्या रे, निरोपाचा सामना आहे!" सगळे हसले. धोंडीरामभाऊ हसले नाहीत. गरिबाच्या जखमेवर मीठ चोळायला या ज्ञानेशला कोणी सांगितलं होतं, देव जाणे. सामना बरोबरीत आला आणि शेवटची चढाई चिमाजीदादांची निघाली. ते रेषा ओलांडून गेले. "कबड्डी, कबड्डी..." आणि पाच-सात पावलांतच आवाज फाटला. मध्येच बारीक शिट्टीसारखं काहीतरी वाजलं, आणि दम तुटला. ते गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहिले. मी बाद दिलं. मधुवंती जिंकली.

धोंडीरामभाऊंची पोरं नाचायला लागली. दादा हळूहळू कडेला गेले, पेटी उघडून क्लॅरिनेट जोडली, तिची पत्ती ओठांत धरून ओली करत चिखलात मांडी घालून बसले. चेहरा घामाने निथळत होता, पण खुशीत होते. "सांग रे धोंड्या, वाजवू?"

"पेटीत घाल ती," धोंडीरामभाऊ म्हणाले. "मला भीक नको."

"भीक कसली?"

"चिम्या, तुझा दम मला शिकवतो का? पाच पावलांत तुटणारा दम हाय तुझा? लय केलेस उपकार. धंदा बुडाला म्हणून सामना दान देतो व्हय मला?"

दादांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि खोकलाच आला. तो थांबेपर्यंत धोंडीरामभाऊ मोटारसायकलला लाथ मारून निघून गेले होते. दादांनी मग क्लॅरिनेट पुसली, सुटी केली आणि पेटीत ठेवली. त्या दिवशी भेळ कुणी खाल्ली नाही.

मला दोघांचाही राग आला. एकाला बोलता येत नाही, दुसऱ्याला ऐकता येत नाही, आणि म्हणे संगीतवाले! मी म्हटलं, आठ दिवसांत येतील ताळ्यावर. श्रावण गेला, गणपती गेले, दोघे आपापल्या जागी ढिम्म.

नवरात्रात भाजीबाजारात कलावहिनी भेटल्या, चिमाजीदादांच्या मंडळी. दादा कसे आहेत विचारलं तर पिशवी खाली ठेवून तिथेच रडायला लागल्या. दादांची फुप्फुसं केव्हाच गेली होती. डॉक्टरांनी संक्रांतीलाच फुंकणं बंद करायला सांगितलं होतं. म्होरक्याच आजारी म्हटल्यावर पार्टीच्या सुपाऱ्या तुटतील, म्हणून दादांनी घराबाहेर कुणाला कळू दिलं नाही.

"मग खेळायला कशाला गेले?" मी विचारलं.

"यंदा हरणार हे त्यास्ले माहीत व्हतं ना," वहिनी म्हणाल्या. "म्हणे, एकदा धोंड्यासमोर ती पाठवणी वाजवानी शे. तेवढ्यासाठी महिनाभर श्वास सांभाळला हो त्यांनी. जिना चढले नाहीत."

मी तशीच मखमलाबादला गेले. धोंडीरामभाऊ दसऱ्यासाठी झेंडू तोडत होते. मी बसले नाही, पाणी घेतलं नाही, उभ्याउभ्या सगळं सांगितलं आणि चार शब्द सुनावलेही. त्यांच्या हातातलं फूल तसंच राहिलं.

"मी ऐकलं होतं, ताई," ते म्हणाले. "ती शिट्टी मी ऐकली होती. मला वाटलं, खोटा दम तोडायचा तरी किती बारकाईनं तोडतो. असं वाटलं मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दादांच्या घरी गेलो. खाटेवर बसले होते, नाकात नळी. धोंडीरामभाऊंना पाहून म्हणाले, "बठ." एवढंच. धोंडीरामभाऊ बसले आणि खाली मान घालून म्हणाले, "चिम्या, तुझा दंड राहिलाय. वाजव."

वहिनींनी नको नको म्हटलं तरी दादांनी पेटी मागवली. नळी काढून फुंकलं. नुसती हवा गेली. पुन्हा फुंकलं, पुन्हा हवाच. मग ते हसले आणि क्लॅरिनेटचं तोंड धोंडीरामभाऊंपुढे धरलं. "तू फुंक. बोटं मन्ही."

धोंडीरामभाऊ खाटेला लागून जमिनीवर, त्यांच्याकडे पाठ करून बसले. दादांनी मागून दोन्ही हात त्यांच्या गळ्याभोवती आणून क्लॅरिनेटवर ठेवले, मागून पकड घालतात तसे. आणि धून निघाली. जरा अडखळत, पण निघाली. दादांची बोटं तीच होती, पहिल्यासारखी सफाईदार. वहिनी दाराला टेकून ऐकत होत्या. मग तो लांब सूर आला. धोंडीरामभाऊंनी धरला, धरून ठेवला, आणि मध्येच त्यांना हुंदका फुटला. सूर तुटला.

"दम तुटना, धोंड्या," दादा मागून म्हणाले. "बाद."

बाद झालेल्याने रेषेबाहेर जाऊन बसायचं असतं. धोंडीरामभाऊ खरंच उठले आणि उंबऱ्याबाहेर पायरीवर जाऊन बसले, तोंडावर उपरणं धरून. दादांनी क्लॅरिनेट मांडीवर घेतली आणि न फुंकताच बोटं चालवायला लागले. राहिलेली धून. घरात फक्त पट्ट्यांची टिकटिक ऐकू येत होती. ती धून मी शेकडो मांडवांत ऐकलेली, टिकटिकीवरून मला जागा कळत होत्या. नवरी उंबरा ओलांडून गेली. आईच्या गळ्यात पडली. गाडीत बसली.

टिकटिक थांबली. दादा दाराकडे बघत राहिले.

"पावला रे, चिम्या," बाहेरून आवाज आला. "पावला."

दादांनी मान हलवली आणि वहिनींना खूण करून नळी परत लावून घेतली. दिवाळीनंतर ते गेले. धोंडीरामभाऊ अजून मला बाजारात भेटतात, झेंडूचा भाव सांगतात. आषाढात त्यांनी तो शब्द म्हटला असता, तर टिकटिक नव्हे, धून ऐकून म्हटला असता.